मायस्थेनिया ग्रॅव्हिस : संरक्षक प्रतिपिंडेच जेव्हा स्नायूंवर उलटतात

बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा परिसर माहिती-तंत्रज्ञान उद्योगाचे एक प्रमुख केंद्र म्हणून देशभर ओळखला जातो. २००७ मध्ये शहराच्या महानगरपालिकेत विलीन होण्यापूर्वी येथे स्वतंत्र नगरपालिका होती. आज या भागातील व व्हाइटफिल्डमधील कार्यालयांत देशाच्या सर्व प्रांतांतून आलेले तरुण-तरुणी काम करतात आणि त्यांत महाराष्ट्रातून आलेल्यांचाही समावेश आहे. दिवसभर संगणकाच्या पडद्यासमोर बसल्यावर सायंकाळी पापण्या जड होणे, समोरचे अक्षर दुहेरी दिसणे, जेवताना घास चावता चावता जबडा थकणे किंवा दूरध्वनीवर बोलता बोलता आवाज अनुनासिक होणे, अशा तक्रारी साहजिकच कामाच्या ताणाच्या खाती जमा होतात. बहुतेकांच्या बाबतीत हा समज बरोबरही असतो. परंतु याच तक्रारी दररोज सकाळी कमी आणि सायंकाळी अधिक अशा क्रमाने येत असतील, विश्रांतीनंतर ओसरत असतील आणि पुन्हा हालचाल केल्यावर परतत असतील, तर त्यामागे ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ हा स्नायुदौर्बल्याचा विकार असण्याची शक्यता तपासून पाहणे आवश्यक ठरते.

या विकारात स्नायू मुळात निरोगी असतात आणि मज्जातंतूही शाबूत असतात. बिघाड होतो तो या दोहोंच्या भेटीच्या जागी, आणि तो घडवून आणतात रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तातील प्रतिपिंडे. जंतूंपासून संरक्षण करण्यासाठी तयार होणारी ही प्रथिने शरीराच्याच घटकांवर चाल करून जातात, तेव्हा त्यांना स्वप्रतिपिंडे असे म्हटले जाते. त्यांचे स्वरूप, त्यांच्या चाचण्या आणि त्यांच्यावरील उपचार यांविषयीचे ज्ञान गेल्या पाच दशकांत फार वेगाने वाढले आहे. एकेकाळी अनेकांना मृत्यूच्या दारी नेणारा हा विकार आज बहुतांश रुग्णांमध्ये आटोक्यात ठेवता येतो, तो या ज्ञानामुळेच.

संदेशाची वाट

हात उचलावा असे मनात येताच मेंदूकडून निघालेला विद्युतसंदेश मज्जारज्जूतून व मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो. तंतूचे टोक आणि स्नायूचा पृष्ठभाग यांच्यामध्ये अतिशय सूक्ष्म फट असते. ही फट विजेला ओलांडता येत नाही. त्यामुळे तंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सोडले जाते. स्नायूच्या पृष्ठभागावर या रसायनाला झेलणारे प्रथिनांचे ‘ग्राही’ दाटीवाटीने बसलेले असतात. रसायन ग्राहीवर बसले की त्यातील सूक्ष्म दार उघडते, विद्युतभारित कण स्नायूत शिरतात आणि स्नायू आकुंचन पावतो. काम झाल्यावर एक विकर ॲसिटिलकोलीनचे तत्काळ विघटन करतो, जेणेकरून पुढच्या संदेशासाठी जागा मोकळी व्हावी.

निरोगी माणसात ग्राहींची संख्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक असते. एकामागून एक संदेश आल्यास तंतूच्या टोकाकडून सुटणारे रसायन थोडे थोडे कमी होत जाते. पण ग्राहींच्या या शिलकीमुळे काम अडत नाही. मायस्थेनियाच्या रुग्णात ग्राहीच घटलेले असल्याने ही शिल्लक उरत नाही. पहिले काही संदेश पोहोचतात आणि त्यानंतरचे अर्ध्या वाटेवर विरतात. हालचाल सुरू करताना असलेली ताकद ती चालू ठेवताना ओसरते आणि विश्रांतीनंतर परत येते, याचे कारण हेच होय. डोळ्यांचे व पापण्यांचे स्नायू सतत कार्यरत असल्याने अनेक रुग्णांत आजाराची पहिली चिन्हे तेथेच दिसतात.

सापाच्या विषाने उकललेले कोडे

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात नाग व मण्यार यांच्या दंशानंतर रुग्णाच्या पापण्या मिटू लागणे हे धोक्याचे लक्षण सर्वपरिचित आहे. त्यानंतर बोलणे अस्पष्ट होते, गिळता येत नाही आणि अखेर श्वास थांबतो. मायस्थेनियाच्या तीव्र अवस्थेतील लक्षणेही अशीच असतात. हे साम्य वरवरचे नाही, कारण या सापांची विषेही चेता-स्नायू संधिस्थानावरच आघात करतात.

१९३४ मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागातील सेंट आल्फेज रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. मेरी वॉकर यांच्या ध्यानात आले की, या आजाराची लक्षणे बाणांना लावल्या जाणाऱ्या ‘क्युरारे’ या वनस्पतिजन्य विषाच्या बाधेसारखी आहेत. क्युरारेवरील उतारा असलेले फायसोस्टिग्माइन हे औषध त्यांनी रुग्णाला टोचले आणि काही काळापुरती का होईना, ताकद परतली. हे औषध ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला रोखते, त्यामुळे रसायन फटीमध्ये अधिक काळ टिकते. बिघाड संधिस्थानी आहे, हे यावरून स्पष्ट झाले. पण त्याचे मूळ मात्र अज्ञात राहिले. १९६० मध्ये स्कॉटलंडमधील डॉ. जॉन सिम्प्सन यांनी, हा रोगप्रतिकारक यंत्रणेचा विकार असावा आणि प्रतिपिंडे स्नायूवरील ग्राहींना अडवीत असावीत, अशी कल्पना मांडली. ती सिद्ध करण्याचे साधन त्या वेळी उपलब्ध नव्हते.

ते साधन मण्यारीच्या एका भाईबंदाने पुरविले. १९६३ मध्ये तैवानमधील चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी तेथील पट्टेदार मण्यारीच्या विषातून ‘बंगारोटॉक्सिन’ हे द्रव्य वेगळे केले. ते ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीला इतके घट्ट चिकटते की, त्याला किरणोत्सारी खूण लावल्यास स्नायूवरील ग्राही मोजता येतात. १९७३ हे वर्ष निर्णायक ठरले. अमेरिकेत जिम पॅट्रिक व जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत ईल या माशापासून मिळविलेले ग्राही सशांना टोचले, तेव्हा त्यांच्या शरीरात या ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि ससे लुळे पडले. त्याच वर्षी फॅमब्रो, ड्रॅकमन व सत्यमूर्ती यांनी बंगारोटॉक्सिनच्या साहाय्याने मोजणी करून दाखविले की, रुग्णांच्या स्नायूंवरील ग्राहींची संख्या निरोगी व्यक्तींच्या तुलनेत एक-तृतीयांशाहूनही कमी झालेली असते. १९७५ मध्ये रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचल्यावर त्यांच्यातही आजाराच्या खुणा उमटल्या आणि १९७६ मध्ये लिंडस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी ७१ रुग्णांपैकी सुमारे ८७ टक्के रुग्णांच्या रक्तात ही स्वप्रतिपिंडे दाखवून दिली. सिम्प्सन यांची कल्पना अशा रीतीने सोळा वर्षांनी सिद्ध झाली.

स्वप्रतिपिंडांचे प्रकार

ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडे तीन मार्गांनी हानी करतात. पहिला व सर्वाधिक विध्वंसक मार्ग म्हणजे रक्तातील ‘पूरक प्रथिनां’ना पाचारण करणे, ही प्रथिने स्नायूच्या पृष्ठभागाला भोके पाडून तेथील घड्यांची नाजूक रचना उद्ध्वस्त करतात. दुसऱ्या मार्गात प्रतिपिंडाचे दोन बाहू शेजारच्या दोन ग्राहींना एकत्र बांधतात आणि स्नायुपेशी अशा बांधलेल्या ग्राहींना आत ओढून नष्ट करते. तिसऱ्या मार्गात प्रतिपिंड ग्राहीवरील ॲसिटिलकोलीनची जागाच अडवून बसते. सर्वांगावर परिणाम झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के रुग्णांत ही प्रतिपिंडे आढळतात. आजार केवळ डोळ्यांपुरता मर्यादित असल्यास हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते.

उरलेल्या रुग्णांचे गूढ २००१ मध्ये अंशतः उलगडले. ग्राहींना संधिस्थानी एकत्र बांधून ठेवण्याच्या कामी ‘मस्क’ नावाचे स्नायूतील एक प्रथिन लागते. काही रुग्णांमध्ये प्रतिपिंडे ग्राहीऐवजी या मस्कविरुद्ध असतात, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ही प्रतिपिंडे वेगळ्या उपप्रकारातील असून ती पूरक प्रथिनांना बोलावीत नाहीत. ती मस्कला मिळणारा संकेत तोडतात आणि त्यामुळे ग्राहींची वस्ती विखुरते. या रुग्णांमध्ये चेहरा, घसा, मान व श्वसनाचे स्नायू अधिक दुबळे होतात. २०११ मध्ये मस्कचा सहकारी असलेल्या ‘एलआरपी-४’ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा शोध लागला. ती थोड्याच रुग्णांत सापडतात.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. मस्क-प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांना नेहमीच्या पायरिडोस्टिग्माइनच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, कित्येकदा त्रासच होतो. थायमस ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेनेही त्यांना लाभ होत असल्याचे दिसलेले नाही. याउलट, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या पूर्वजांना नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे औषध त्यांच्यात विशेष गुणकारी ठरते. म्हणूनच कोणते प्रतिपिंड आहे हे कळल्यावर उपचारांची दिशाच बदलू शकते.

चाचणीचा अहवाल कसा वाचावा

या प्रतिपिंडांची चाचणी रक्ताच्या साध्या नमुन्यावर होते. लक्षणे जुळत असताना ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, तर निदान जवळजवळ निश्चित मानले जाते. मात्र अहवालाबाबत दोन गैरसमज रुग्णांना महागात पडतात.

पहिला गैरसमज असा की, अहवाल नकारात्मक आल्यास आजार नाही. प्रत्यक्षात काही रुग्णांत नेहमीच्या पद्धतीने प्रतिपिंडे सापडत नाहीत. स्नायूवर ग्राही जसे दाटीने बसलेले असतात, तशीच रचना प्रयोगशाळेतील पेशींवर तयार करून केलेल्या अधिक संवेदनशील चाचणीत त्यांपैकी काहींची प्रतिपिंडे उघड होतात. तरीही थोडे रुग्ण ‘प्रतिपिंडरहित’ म्हणून शिल्लक राहतातच. अशा वेळी मज्जातंतूला विजेचे लागोपाठ सूक्ष्म धक्के देऊन स्नायूचा प्रतिसाद घटतो का, हे पाहणारी तपासणी मोलाची ठरते. पापणी मिटलेली असल्यास मिटल्या डोळ्यावर दोन ते पाच मिनिटे बर्फाची पिशवी ठेवून पापणी उचलली जाते का, हे पाहण्याची सोपी परीक्षाही नेत्रतज्ज्ञ करतात. थंडीमुळे ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराचे काम मंदावते आणि म्हणून पापणी तात्पुरती उघडते. उष्णतेने लक्षणे वाढतात, यामागचे एक कारणही हेच आहे.

दुसरा गैरसमज अहवालातील आकड्याविषयी आहे. एका रुग्णाचा आकडा दुसऱ्यापेक्षा दहापट असला, म्हणून त्याचा आजार दहापट तीव्र असे मुळीच नसते. अत्यल्प प्रतिपिंडे असलेला रुग्ण अंथरुणाला खिळू शकतो आणि पुष्कळ प्रतिपिंडे असलेला नित्याचे काम करीत राहू शकतो. त्यामुळे दर महिन्याला आकडा तपासून धास्तावण्यापेक्षा गिळणे, बोलणे, श्वास आणि हातापायांची ताकद यांतील बदलांची नोंद ठेवणे अधिक उपयुक्त ठरते.

छातीतील ग्रंथीचा सहभाग

छातीच्या मधल्या हाडामागे असणारी थायमस ग्रंथी बालपणी रोगप्रतिकारक पेशींचे शिक्षणकेंद्र असते आणि वयाबरोबर ती आक्रसत जाते. या आजाराच्या अनेक तरुण रुग्णांमध्ये ती वाढलेली आढळते, तर १० ते १५ टक्के रुग्णांमध्ये तिच्यात गाठ असते. म्हणून निदान होताच छातीचा सी.टी. स्कॅन केला जातो. १९३६ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका तरुण रुग्णेची अशी गाठ काढल्यावर तिच्या प्रकृतीत सुधारणा झाली आणि या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. गाठ नसतानाही ग्रंथी काढणे हितावह आहे का, हा वाद त्यानंतर आठ दशके चालला. १२६ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा लाभ होतो आणि त्यांना स्टेरॉइडही कमी लागते, हे स्पष्ट झाले.

उपचारांची साखळी

पायरिडोस्टिग्माइनच्या गोळ्या लक्षणे कमी करतात. प्रतिपिंडांवर त्यांचा परिणाम होत नाही. प्रतिपिंडांची निर्मिती आवरण्यासाठी स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिनसारखी औषधे दीर्घकाळ दिली जातात. श्वसनाचे स्नायू दुबळे होऊन संकट ओढवल्यास रुग्णाला अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर ठेवून, रक्तद्रवाची अदलाबदल करून प्रतिपिंडे बाहेर काढली जातात किंवा निरोगी दात्यांपासून मिळविलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले जाते.

गेल्या काही वर्षांत यात नव्या औषधांची भर पडली आहे. पूरक प्रथिनांना रोखणाऱ्या एक्युलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत या आजारासाठी २०१७ मध्ये मान्यता मिळाली. दुसऱ्या गटातील औषधे शरीराच्या एका नैसर्गिक व्यवस्थेवर बेतलेली आहेत. रक्तातील बहुतेक प्रथिने काही दिवसांत मोडीत निघतात, परंतु प्रतिपिंडांना पेशींमधील एक विशेष ग्राही वाचवून पुन्हा रक्तात सोडतो आणि त्यामुळे ती काही आठवडे टिकतात. हा मार्ग अडविल्यास चांगल्या-वाईट सर्वच प्रतिपिंडांची पातळी घसरते आणि आजार ओसरतो. या तत्त्वावरील एफगार्टिजिमॉड या औषधाला २०२१ मध्ये, तर मस्कचा प्रकार असलेल्या रुग्णांनाही लागू पडणाऱ्या रोझॅनॉलिक्सिझुमॅबला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र या औषधांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असल्याने भारतातील बहुसंख्य रुग्णांचा भार आजही जुन्या, स्वस्त गोळ्यांवरच आहे. सुदैवाने वेळेवर सुरू केलेल्या या गोळ्यांनीही अनेक जण नोकरी, शिक्षण व संसार सांभाळू शकतात.

बंगळुरूत मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांसाठी होसूर मार्गावरील ‘निम्हान्स’ ही संस्था देशभरातील रुग्णांचे आधारस्थान आहे. १९७४ मध्ये दोन संस्थांच्या एकत्रीकरणातून ती उभी राहिली आणि २०१२ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. महादेवपुऱ्यालगतच्या व्हाइटफिल्डमध्ये २००१ पासून कार्यरत असलेले श्री सत्य साई उच्च वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय हृदय आणि मज्जासंस्थेच्या विकारांवरील विनामूल्य सेवेसाठी प्रसिद्ध आहे.

कोणती दक्षता घ्यावी

हा आजार कोणत्याही वयात होऊ शकतो. तरी चाळिशीच्या आतील स्त्रिया आणि साठीपुढील पुरुष यांच्यात तो तुलनेने अधिक दिसतो. जागतिक अंदाजांनुसार दर दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे १५० ते २५० रुग्ण असतात. वयोवृद्धांमध्ये बोलणे अस्पष्ट झाल्यास तो पक्षाघात समजला जातो, तर तरुण स्त्रियांची तक्रार कित्येकदा मानसिक ठरवून सोडून दिली जाते. ज्येष्ठ अभिनेते अमिताभ बच्चन यांनाही १९८०च्या दशकात हा विकार जडला होता आणि त्यांनी ही बाब स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. त्यानंतरची त्यांची प्रदीर्घ कारकीर्द पाहता, या निदानाने आयुष्य थांबत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

निदान झालेल्या रुग्णाने औषधांबाबत विशेष सावध असणे आवश्यक आहे. संसर्गासाठी सर्रास दिली जाणारी काही प्रतिजैविके, उदाहरणार्थ जेंटामायसिन व अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन व लेव्होफ्लॉक्सॅसिन, तसेच अझिथ्रोमायसिन, ही संधिस्थानातील संदेशवहन आणखी दुबळे करू शकतात. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या, हिवतापावरील क्लोरोक्विन आणि सुरकुत्यांसाठी टोचले जाणारे बोटुलिनम यांचाही या यादीत समावेश होतो. गरोदरपणातील झटक्यांवर एरवी जीवनदायी ठरणारे मॅग्नेशियम सल्फेट या रुग्णांत श्वास थांबवू शकते. साध्या तापासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याची सवय म्हणूनच येथे धोकादायक आहे. दंतवैद्य, भूलतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ यांना आजाराची कल्पना आधीच द्यावी आणि आजाराचे नाव व चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी सतत जवळ बाळगावी. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्टेरॉइड वा अन्य गोळ्या अचानक बंद करू नयेत.

गर्भवती रुग्णेची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात. त्यामुळे अशा मातांच्या १० ते २० टक्के नवजात बालकांना काही दिवस दूध ओढण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होतो. आईकडून आलेली प्रतिपिंडे काही आठवड्यांत संपली की ही बालके पूर्ण बरी होतात. परंतु प्रसूती नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

घास वा पाणी गिळताना ठसका लागणे, पाणी नाकावाटे परत येणे, एका दमात पंधरा-वीसपर्यंत आकडे मोजता न येणे, आडवे पडल्यावर धाप लागणे किंवा मान सावरता न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळपर्यंत वाट न पाहता कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठावे. श्वसनाच्या स्नायूंची ताकद संपत असताना रक्तातील प्राणवायूचे प्रमाण अगदी अखेरपर्यंत ठीक दिसू शकते, त्यामुळे बोटाला लावायच्या यंत्रावरील आकड्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

तोच ग्राही, वेगळे प्रतिपिंड

फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांचा गट आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था यांनी संयुक्तपणे तयार केलेल्या एका कृत्रिम मानवी प्रतिपिंडाची माहिती प्रसिद्ध झाली. ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीला चिकटणारी नाग, मण्यार, नागराज व आफ्रिकेतील मांबा यांच्या विषातील एका मोठ्या गटाची द्रव्ये हे प्रतिपिंड निष्प्रभ करते. त्याची विषाला पकडण्याची पद्धत खुद्द ग्राहीच्याच रचनेशी मिळतीजुळती असल्याने विष ग्राहीऐवजी त्याच्याकडे ओढले जाते. उंदरांवरील प्रयोगांत ते यशस्वी ठरले आहे.

सर्पविषाने ग्राहीचा ठावठिकाणा दाखविला, त्यातून स्वप्रतिपिंडांचा शोध लागला आणि आता त्याच ग्राहीचे ज्ञान सर्पदंशावरील उताऱ्यासाठी उपयोगी पडत आहे. प्रतिपिंड रक्षण करते की घात करते, हे ते कशाला ओळखते यावर अवलंबून असते. मायस्थेनियाच्या रुग्णासाठी ही ओळख रक्ताच्या एका नमुन्यातून पटू शकते. त्यासाठी सायंकाळी मिटणाऱ्या पापणीची तक्रार थकवा म्हणून सोडून न देता ती वेळेवर मज्जाविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचणे मात्र गरजेचे आहे.